लोकरकामाची चार हात जागा



दिवाळीनंतरच्या अंकात लोकरीचे बसकर कसे थापायचे ते आपण पाहिले. त्यावर पत्रे बरीच आली, पण बसकराविषयी त्यांत थोडेच आहे. बहुतेकींची विचारणा एकच: ताई, सगळे समजले, पण हे काम घरात करायचे कुठे?

एका बहिणीने फार नेटके लिहिले आहे. माजघरात लोकर पसरावी तर मुलांची जेवणाची वेळ होते. ओसरीत पसरावी तर वारा उडवतो आणि आल्यागेल्याला वाट राहत नाही. परसात न्यावी तर कोंबड्या. ती लिहिते, “दोन तासांतला एक तास मांडण्यात आणि आवरण्यात जातो. शेवटी पोते माळ्यावर टाकले. तिथेच आहे.”

माळ्यावरचे ते पोते मला चांगले ठाऊक आहे. आमच्या घरी ते तीन वर्षे होते. चौथ्या वर्षी खाली काढले तेव्हा निम्म्या लोकरीचा कसरीने भुगा केलेला होता. तेव्हा आज नवा नमुना नको, जागेचेच बोलू.

ज्यांनी मागचा अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घोंगडे मागावर विणतात. जेन मात्र विणत नाहीत. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, गरम साबणाच्या पाण्याने भिजवायची आणि चटईत गुंडाळून लाटायची. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. गरम पाण्याने ते उघडतात आणि दाबल्या-चोळल्याने एकमेकांत अडकतात. मग ते सुटत नाहीत. याच तत्त्वावर आपले जेन होते, काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदाही होतो. दुसरी रीत कोरडी. खाचा पाडलेली लांब सुई लोकरीत वरखाली टोचत राहायचे, खाचा तंतू खाली ओढतात आणि लोकर घट्ट बसते. तोरणाची फुले, बाहुल्या, डबीची झाकणे अशी बारीक कामे या सुईने होतात.

म्हणजे एकाच हस्तकलेत एक काम ओले, एक कोरडे, आणि कोरड्यातही पिंजणे धुळीचे आणि टोचणे सुईचे. ही तीन कामे एकमेकांत मिसळली की घरात गोंधळ होतो. कधी कधी गोंधळावर भागत नाही, तेही सांगते.

2019 सालच्या मार्गशीर्षातली गोष्ट. मी ओसरीत तोरणाची फुले टोचत बसले होते. शेजारीच आमच्या घरच्यांनी कुट्टी पोत्यात भरायला घेतली होती. पाहुणे आले म्हणून मी चहा टाकायला उठले. परत येऊन पाहते तो सुया चार. मी बसले तेव्हा पाच होत्या. तेवढ्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाहुण्यांसाठी ओसरी झाडून घेतली होती, आणि सांडलेली कुट्टी वाया कशाला घालवायची म्हणून गाईच्या पाटीत टाकली होती.

आमची गाय तेव्हा सात महिन्यांची गाभण होती. गाईचे खाणे कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. ती चारा निवडत बसत नाही. तार, खिळा, सुई, जे चाऱ्यातून जाईल ते गिळते. ते पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकते आणि तिथून पडदा भेदून काळजापर्यंत टोचू शकते. गाय खाणे सोडते, कण्हते, उतारावरून चालायला नको म्हणते, आणि पुष्कळदा हाती लागत नाही.

पाटी अजून गव्हाणीत ओतली नव्हती, एवढेच नशीब. चादरीवर सगळी कुट्टी पसरली. पाटीतली वेगळी, पोत्यातली वेगळी. थोरल्याने जुन्या स्पीकरमधले चुंबक काढून आणले आणि आम्ही चौघे मूठ मूठ चारा त्याखालून घालू लागलो. अकराला बसलो होतो. दिवेलागणीच्या सुमारास पाटीतल्या चाऱ्यातून सुई चुंबकाला चिकटून वर आली.

कोणी कोणाला बोलले नाही. रात्री जेवणे झाल्यावर आत्या म्हणाल्या, “एक तर हे काम घरातून काढ, नाही तर त्याला घरात जागा दे. असे जिथे तिथे नको.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पडवीच्या टोकाची रिकामी कणगी हलवायला लावली. त्या कणगीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. तिच्या मागे जी जागा निघाली ती माझी जागा. रुंदीला चार फूट, लांबीला सहा फूट. आजवर मला त्याहून जास्त लागलेली नाही.

आता तुमच्या घरात अशी जागा कुठे निघेल ते पाहा. पहिली अट, जाण्यायेण्याची वाट नसावी. कोपरा असेल तर उत्तम. दुसरी, मोरी किंवा न्हाणी जवळ असावी. भरलेली बादली चार पावलांपेक्षा जास्त वाहावी लागली तर काम होत नाही, हा माझा अनुभव. तिसरी, दिवसाचा उजेड. उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. काळ्या लोकरीवर काळी फुले टोचताना हे फार जाणवते. रात्रीचा दिवाही डावीकडेच लावा. चौथी, चुलीपासून आणि कुट्टीच्या यंत्रापासून दूर. लोकर स्वतः सहज पेट घेत नाही, पण तिच्याभोवतीचे गोणपाट, सुती कापड, प्लॅस्टिक घेते. आणि कुट्टीचे तुम्हाला सांगितलेच.

माळा आणि देवघराची खोली सोडून द्या. माळ्यावर काम होत नाही, नुसती साठवण होते. देवघराशेजारी लोकर पिंजू लागलात तर घरात रोज बोलणी होतील.

जागा ठरली की उंची. याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण माझी कंबर याच्यात गेली होती. सुरुवातीला मी जमिनीवर उकिडवी बसून जेन लाटत असे. लाटणे म्हणजे पोळी लाटण्याइतके हलके नव्हे. ओली लोकर जड असते, आणि एक गुंडाळी तीनशे-चारशे वेळा मागेपुढे करावी लागते. महिन्याभरात अशी गत झाली की कळशी उचलताना भिंत धरावी लागे.

उपाय सोपा निघाला. ताठ उभ्या राहा. कोपर अंगाशी धरून हात काटकोनात वाकवा. त्या कोपरापासून एक वीत खाली टेबलाचा पृष्ठभाग आला पाहिजे. जोराच्या कामाला ही उंची. तिथे खांद्याचा आणि अंगाचा भार हातावर येतो, कमरेला वाकावे लागत नाही. टेबल बुटके असेल तर चारी पायांखाली विटा द्या. उंच असेल तर आपण पाटावर उभ्या राहा. घरातली उंच आणि बुटकी जाऊ दोघी काम करणार असाल तर उंचीला बेतून टेबल करा आणि बुटकीला पाट द्या. उलटे करता येत नाही.

माझे टेबल म्हणजे जुन्या दाराची एक फळी, दोन घडवंच्यांवर ठेवलेली. सुताराला फक्त घडवंच्यांची मजुरी दिली. शिलाई मशीनचे टेबल मात्र वापरू नका. पाणी आणि लोकरीचा केर दोन्ही मशीनच्या मुळावर येतात.

सुईच्या कामाला उलट हिशेब. ते नजरेचे काम, म्हणून पृष्ठभाग कोपराच्या उंचीला किंवा बोटभर वर हवा. खाली मांडी घालून बसणार असाल तर समोर चौरंग घ्या, पाठ भिंतीला टेका, आणि चौरंगावर जाड उशी किंवा स्पंज ठेवून त्यावर टोचा. मांडीवर ठेवून कधीही टोचू नका. सुई आरपार जाते हे लक्षात यायच्या आत मांडीत गेलेली असते. अर्ध्या तासाने उठून पाणी प्यावे, गोठ्यात चक्कर मारावी. मान आखडली की टोचा वाकडा पडतो आणि सुई मोडते.

मोठे जेन करायचे असेल तर हाताने लाटण्याचा हट्ट धरू नका. काश्मिरात नमदा चटईत गुंडाळून पायांनी दाबत लाटतात. भिंतीला किंवा खांबाला हात देऊन तुम्हीही तसे करून पाहा. पायांत जोर असतो आणि कंबर मोकळी राहते. खाली निसरडे होते, तेवढे मात्र जपा. गोणपाट ओले करून पसरले की पाय सरकत नाही.

आता ओली बाजू. टेबलाचे जे टोक मोरीकडे आहे ते ओले, दुसरे कोरडे. पलीकडच्या दोन पायांखाली विटेची चीप द्या, म्हणजे पाणी मोरीच्या बाजूला उतरेल. फळीवर मेणकापड पसरा. आपण वाफ्याला बांध घालतो तसा जुन्या लुगड्याचा पिळा मेणकापडाखाली तीन बाजूंनी घाला, चौथी बाजू उघडी, तिच्याखाली बादली. पायांवर पाणी येत नाही आणि साबणाचे पाणी पुन्हा वापरता येते. गुंडाळायला बांबूच्या काड्यांचा जुना पडदा चालतो. आत गाभ्याला ठिबकसाठी आणलेल्या पाइपाचा उरलेला तुकडा घ्या, मुसळ नको, ते जड होते. लोकर हलू नये म्हणून वरून मच्छरदाणीचा तुकडा घाला. पाणी शिंपडायला प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोके पाडा. बाटली पिण्याच्या पाण्याची किंवा तेलाची असावी. फवारणीच्या औषधाची बाटली, कितीही धुतलेली असो, या कामात आणू नका. गरम पाण्यात तासन्‌तास हात बुडालेले असतात.

पाणी हाताला सोसेल इतके गरम पुरे. विजेचा रॉड वापरत असाल तर तो टेबलाजवळ ठेवू नका. बटण बंद करून, रॉड काढून, मगच बादलीला हात लावायचा. ओल्या हाताने विजेच्या बटणाजवळ जायचे नाही हे पोरांना सांगतो, तेच स्वतः पाळायचे.

कोरड्या टोकाला सुया. आमच्याकडे आता नियम असा आहे. सुया एका लाल कापडाच्या उशीत, उशी डब्यात, डबा खुंटीवर, पोरांच्या हाताबाहेर. बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या. कोणी हाक मारली तरी आधी मोजायच्या. मोडलेले टोक औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकायचे आणि बूच लावायचे. टोक सापडेपर्यंत उठायचे नाही. म्हणून जमिनीवर पांढरी चादर पसरून बसावे. काम झाले की चादरीवरून चुंबक फिरवायचे. आणि या जागेचा केर गोठ्यात, उकिरड्यावर किंवा शेणाच्या पाटीत जात नाही. त्याचे पोते वेगळे. आत्या अजूनही अधूनमधून विचारतात, “पाच का गं?” मी म्हणते, “पाच, आत्या.” मगच त्यांना चैन पडते.

पिंजण्याची जागा घरात शोधूच नका. पिंजायचे ते बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, नाकातोंडाला फडके बांधून. न धुतलेल्या लोकरीत माती, लेंडीची भुकटी, कुसळे, सगळे असते आणि ते छातीत जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मेलेल्या मेंढीची लोकर कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. मेंढी फाशी रोगाने मेलेली असली तर त्याचे जंतू लोकरीत वर्षानुवर्षे टिकतात आणि माणसाला लागतात. हाताला काळपुळी होते, श्वासातून गेले तर जीवावर बेतते. ज्या कळपाची लोकर घ्याल तो कळप ओळखीचा असावा.

लोकर घरात आली की आधी धुवायची, मगच डब्यात भरायची. रात्रभर थंड पाण्यात भिजत घाला. ते पहिले पिवळट पाणी केळीच्या आळ्यात ओता. मेंढीच्या घामातले पालाशाचे क्षार त्यात असतात, केळीला मानवतात. नंतर कोमट पाणी आणि रिठा. चोळायचे नाही, नुसते दाबायचे. धुतानाच चोळलीत तर लोकर तिथेच घट्ट बसते आणि पुढचे सगळे काम फुकट.

वाळली की निवडून तीन डबे करा. कोकरांची पहिली कातरण, म्हणजे जावळ, एका डब्यात. ती मऊ असते, लवकर बसते, तिचा वरचा थर द्यावा. दुसऱ्यात मोठ्या मेंढ्यांची साधी लोकर, तिसऱ्यात राठ केसाळ लोकर. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मुळात जाडीभरडी असते. पुस्तकातल्या मेरिनोच्या लोकरीसारखी ती अर्ध्या तासात बसत नाही, म्हणून नवशिकी घाबरते आणि आपलेच चुकले असे समजते. तसे काही नाही. दुप्पट वेळ द्या आणि वरखाली जावळ लावा.

डबे गोडेतेलाचे, पत्र्याचे, झाकण घट्ट बसणारे घ्या. पोते नको. कसरीचे पाखरू उजेडात येत नाही. काळोखात, न हलवलेल्या, मळकट लोकरीत ते अंडी घालते, आणि लोकर खातात त्या त्याच्या अळ्या. म्हणजे लोकर खराब होते ती न धुता, न हलवता, अंधारात ठेवल्याने. महिन्यातून एकदा डबा उलटा करून लोकर कडक उन्हात पसरा, झटका, आणि निवल्यावर पुन्हा भरा. कडुनिंबाचा पाला मीही घालते, पण नुसत्या पाल्यावर माझा भरवसा नाही. डांबराच्या गोळ्या घरात रांगते पोर असेल तर आणूच नका, त्या खाऊसारख्या दिसतात.

पावसाळ्यात काय, असेही विचारले आहे. ओले काम बंद. आषाढात थापलेले बसकर आठ दिवस वाळत नाही आणि त्याला ओल्या कुत्र्यासारखा वास येतो. ओले काम कार्तिकापासून वैशाखापर्यंत उरका, पावसात सुईचे काम काढा. त्या दिवसांत मेणकापड धुऊन गुंडाळून ठेवा आणि फळीवर मिरच्यांची सुपे ठेवायला कोणालाही देऊ नका. जागा एकदा दुसऱ्या सामानाने भरली की परत मिळवायला पुन्हा एक दिवाळी जाते.

भिंतीला एक वही टांगा. थापण्यापूर्वी लोकर किती तोलली, थर किती, पसरताना लांबीरुंदी किती, वाळल्यावर किती राहिली, तास किती लागले. मी एक फूट चौरस नमुन्याला 40 ग्रॅम लोकर घेते आणि तो किती आटतो ते पाहून मगच मोठ्याचे माप धरते. प्रत्येक कळपाची लोकर वेगळी आटते. तासांचा रकाना विशेष भरा. बाजारात भाव सांगताना आपण लोकरीचे पैसे धरतो आणि आपले तास विसरतो. माझ्या वहीत पहिल्या वर्षीच्या एका जेनाला 31 तास लिहिले आहेत, त्यांतले 9 नुसत्या मांडामांडीचे. जागा झाल्यावर तेच जेन 20 तासांत होते.

लोकरीचा भाव म्हणाल तर आज कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही, म्हणून कित्येक धनगरबंधू ती रानातच टाकून देतात. कातरणी वर्षातून दोनदा होते. ती होण्याआधीच आपल्या शिवारात मेंढ्या बसवायला येणाऱ्या दादांना सांगून ठेवा की जावळ वेगळे ठेवा, आम्ही पैसे देऊन घेऊ. फुकट मागू नका. ते पुढच्या वेळी आठवणीने चांगली लोकर बाजूला काढतात.

शेवटी एका बहिणीचे उत्तर राहिले. ती साखर कारखान्याच्या वस्तीत एका खोलीत राहते, कणगी हलवून जागा करण्याची तिच्याकडे सोय नाही. तिने पत्र्याची एक ट्रंक घ्यावी. खाली धुतलेली लोकर पिशवीत बांधून, वर मेणकापड, बाटली, बांबूचा पडदा, आणि सुयांचा डबा आत कुलपात. काम करताना बंद ट्रंक हाच तिचा चौरंग. ओले काम न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, पायांनी लाटून. तिचे बसकर लहान होतील, पण ट्रंक बंद केली की खोली पुन्हा खोली होईल.

पुढच्या खेपेस कडा सरळ कशा राखायच्या ते पाहू. टेबलाबद्दल विचारणाऱ्या बहिणींनी पत्रात फळीची उंची आणि आपल्या कोपराची उंची, दोन्ही इंचांत लिहून पाठवावी. नुसते “कंबर दुखते” असे लिहिले की मला इथे बसून काही सांगता येत नाही.